'अर्ध्या डॉक्टरकी'चा बाजार आणि आपली पोरं

नीटचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत दलाल फिरू लागतात. "मार्क कमी पडले? काळजी नको. बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट करा. डॉक्टरच्या खालोखाल मान, परदेशात प्रचंड मागणी." एप्रन आणि स्टेथोस्कोपचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि बाप पतसंस्थेत कर्जाचा अर्ज भरायला जातो.

माझा आक्षेप या कामावर नाही, या बाजारावर आहे. काम खरं आहे, कौशल्याचं आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या जवानांना घेऊन याची पहिली तुकडी सुरू केली. भारतात १९९२ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हा अभ्यासक्रम आणला. रुग्णाचा पूर्वेतिहास घेणं, तपासणी करणं, बायपासच्या वेळी पायातली शीर काढून देणं, अशी जबाबदारीची कामं ही माणसं करतात. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या राष्ट्रीय आयोग कायद्याच्या अनुसूचीत 'फिजिशियन असोसिएट' असं या व्यवसायाचं नावही आहे.

पण दलाल पुढचं सांगत नाही. ही पदवी घेऊन तुम्ही डॉक्टर होत नाही. स्वतःच्या सहीने औषध लिहून देता येत नाही, दवाखाना टाकता येत नाही. पुढे एमबीबीएस करायचं तर पुन्हा नीटच. आणि परदेश? अमेरिकेत हे काम करायला तिथल्याच मान्यताप्राप्त संस्थेतून शिकून परवान्याची परीक्षा द्यावी लागते, आपली बी.एस्सी. त्याला चालत नाही. ब्रिटनमध्ये तर समोरचा डॉक्टर आहे की नाही हेच रुग्णाला कळत नाही म्हणून वाद पेटला. २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या समीक्षेने 'असोसिएट' काढून पुन्हा 'असिस्टंट' म्हणा, अशी शिफारस केली.

मग विद्यापीठ निवडायचं कसं? फी भरण्याआधी हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा. विद्यापीठाचं स्वतःचं रुग्णालय आहे की दुसऱ्याच्या रुग्णालयाशी नुसता करार? तिथे रोज किती खाटा भरलेल्या असतात? इंटर्नशिप कुठे, किती महिने, आणि विद्यावेतन मिळतं का? शिकवणारे कोण? मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे, किती पगारावर आहेत? त्यांच्यापैकी तिघांशी तरी स्वतः बोला. कॉलेज आणि हाच कोर्स, दोन्ही महाडीबीटीच्या यादीत आहेत का? मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली तर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मिळत नाही, हे प्रवेशाच्या टेबलावर कुणी सांगणार नाही. आणि कुणी हा कोर्स घरबसल्या, दूरस्थ पद्धतीने देत असेल तर तिथून उठा. रुग्णाला हात न लावता हे काम शिकता येत नाही.

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "गरिबाच्या पोराला काहीतरी तर मिळतंय, कशाला मोडता घालता?" हे 'काहीतरी' कुणाच्या वाट्याला येतं, ते बघा. ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो नीटमध्ये मागे पडूनही खासगी अभिमत विद्यापीठात कोटी मोजून डॉक्टर होतो. आपल्या पोराने मात्र त्याच आवारात कर्ज काढून त्याचा सहायक व्हायचं. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं की कामाच्या वाटणीच्या नावाखाली माणसांचीच उतरंड रचली जाते. रुग्णालयात ती नव्या नावाने उभी राहत असेल तर आपण टाळ्या वाजवायच्या का?

२००५ मध्ये इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येत नाही, असं म्हटलं. त्यावर ९३ वी घटनादुरुस्ती होऊन कलम १५(५) आलं. दार उघडलं, पण खासगी संस्थांसाठी केंद्राचा कायदा आजही नाही. म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी: हा अभ्यासक्रम सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, सरकारी फीमध्ये, आरक्षणासह सुरू करा आणि सरकारी रुग्णालयांत त्याची पदं भरा. तोवर खासगी कॉलेजांनी रुग्णालय, फी आणि नोकऱ्यांची खरी माहिती जाहीर करावी.

ज्यांना हे काम मनापासून करायचंय त्यांनी जरूर करावं, ताठ मानेने करावं. पण डॉक्टरकीची हुकलेली हौस भागवायला नको. नीट पुन्हा द्यायची असेल तर तेही सांगा. वस्तीतल्या प्रत्येक विहारात निकालानंतरच्या आठवड्यात एक टेबल लावा, शिष्यवृत्तीचे नियम माहीत असलेला एक कार्यकर्ता बसवा आणि कॉलेजांना विचारायचे हे प्रश्न छापून वाटा. दलाल घराघरांत जातो, मग आपण का जात नाही?

जय भीम!