मनाचे माप स्वभाषेतच हवे

ताप मोजणाऱ्या उपकरणाला भाषा लागत नाही. मनाचे दुखणे मोजणाऱ्या प्रश्नावलीला मात्र भाषेवाचून दुसरा आधारच नसतो. हे सत्य स्पॅनिश भाषकांनी वेळीच ओळखले आणि त्यासाठी लागणारे कष्टही उपसले. स्वभाषेचा अभिमान मिरवणाऱ्या प्रत्येक समाजाने त्यांच्या या उद्योगाकडे लक्ष द्यावे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आरॉन बेक यांच्या मते नैराश्याला काही ताठर समजुती खतपाणी घालतात. एका अपयशाने आयुष्य मातीमोल होते, सर्वांची पसंती मिळाल्याखेरीज जगण्याला किंमत नाही, अशा त्या समजुती. त्या मोजण्यासाठी 1978 च्या सुमारास आर्लिन वाइसमन आणि बेक यांनी मोजपट्टी सिद्ध केली. तिच्या प्रचलित रूपात 40 विधाने असून प्रत्येकाशी आपण कितपत सहमत आहोत, हे सात पायऱ्यांवर सांगायचे असते.

या मोजपट्टीचे केवळ भाषांतर करून स्पेनमधील अभ्यासक थांबले नाहीत. हेसुस सान्झ आणि कार्मेलो वाझ्केझ यांनी 1993 मध्ये स्पॅनिश आवृत्तीची विश्वसनीयता व वैधता तपासून प्रसिद्ध केली. विधाने परस्परांशी सुसंगत आहेत काय, त्यांचे गट मूळ कल्पनेप्रमाणे पडतात काय, या कसोट्यांवर उतरल्यावाचून भाषांतराला मोजपट्टी म्हणता येत नाही. विशेष म्हणजे 2015 मध्ये कोलंबियातील अभ्यासकांनी 17 विधानांच्या संक्षिप्त आवृत्तीची आपल्या लोकांवर पुन्हा परीक्षा घेतली. भाषा तीच, पण समाज निराळा. स्पेनमधील निष्कर्ष त्यांनी डोळे मिटून स्वीकारला नाही.

2011 च्या जनगणनेनुसार मराठी ही आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. त्यांच्यासाठी यात मोठा बोध आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या संमतीला मान देणारी सून परक्या मोजपट्टीवर परावलंबी ठरू शकते. उलट, 'लोक काय म्हणतील' या धास्तीने आतून खचलेला तरुण मुलगा 'संस्कारी' म्हणून नजरेआड होऊ शकतो. एकीला नसलेला विकार चिकटतो, दुसऱ्याला असलेल्या विकारावर उपचार मिळत नाहीत. चूक मोजपट्टीची, भोग मात्र माणसाचे.

येथे केवळ संस्कृतप्रचुर शब्द योजूनही भागणार नाही. 'अकार्यक्षम अभिवृत्ती' हा शब्द शेतकऱ्याच्या विधवेला काय सांगणार? तिला 'जीव कशात लागत नाही' हेच कळते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेला 'महापौर' रूढ झाला, कारण तो लोकांच्या जिभेवर रुळला. प्रश्नावलीतील शब्दांनाही हीच कसोटी लावावी लागेल.

गीतेचा पहिला अध्याय विषादयोगाचा आहे, याचा सार्थ अभिमान बाळगावा. परंतु पूर्वजांनी विषाद जाणला होता, एवढ्याने आजच्या रुग्णाचे निदान होत नाही. विद्यापीठांनी, मानसोपचारतज्ज्ञांनी आणि सेवाभावी संस्थांनी एकत्र येऊन गावोगावच्या मराठीत ही मापे घडवावीत, पारखावीत आणि त्यांचे निष्कर्ष उघडपणे मांडावेत. स्वभाषेचा अभिमान घोषणेत नव्हे, अशा चिकाटीच्या कामात सिद्ध होतो.