शेजारच्या खाटेवरचा माणूस

बॅकपॅकर हॉस्टेल हे आता केवळ परदेशी भटक्यांचे ठिकाण राहिलेले नाही. ‘झॉस्टेल’ने २०१३ साली जोधपूरला आपले पहिले हॉस्टेल काढले. पुढच्या दहा-बारा वर्षांत हृषीकेश, मनाली, वाराणसी, गोकर्ण, गोव्यातले अंजुणे आणि वागातोर इथे निरनिराळ्या मालकांची अशी कितीतरी हॉस्टेले उभी राहिली. त्यांतल्या दुमजली खाटांवर आज पुण्याची, ठाण्याची, नागपूरची मुले-मुली निजतात. एका खोलीत चार, सहा किंवा आठ खाटा, प्रत्येकाला कुलपाचा एक कप्पा, न्हाणीघर सामाईक. हॉटेलच्या खोलीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत रात्र निघते. घरातली मुलगी ‘मी एकटी फिरून येते’ म्हणते, तेव्हा ती बहुधा या खाटेच्या हिशेबावरच म्हणत असते. त्यामुळे शेजारच्या खाटेवरचा माणूस कसा वागतो, हा प्रश्न आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

या माणसाबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. तो घोरतो. पहाटे चारला प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सामान भरतो. रात्री दोनला झिंगून येतो आणि दिवा लावतो. कानात काही न घालता मोबाइलवर चित्रफिती बघतो. ओला टॉवेल दुसऱ्याच्या खाटेवर टाकतो. फ्रिजमधले दुसऱ्याचे दही खातो. २०२०च्या टाळेबंदीनंतर यात एकाची भर पडली. कुठूनही काम करण्याची मुभा मिळालेला हा पाहुणा महिना-दोन महिने मुक्काम ठोकतो, बैठकीच्या खोलीतले एकुलते मोठे टेबल अडवतो आणि दिवसभर लॅपटॉपपुढे मोठ्याने बोलत राहतो.

या सगळ्यांना एकाच यादीत घालणे ही गल्लत आहे. काही त्रास शरीराचा असतो. घोरणाऱ्याचा त्यात दोष नाही. त्यावर कानात बोळे घालणे किंवा खाट बदलून मागणे एवढाच इलाज. काही त्रास सवयीचा असतो. तो एका सरळ वाक्याने दूर होऊ शकतो. तिसरा त्रास हेतूचा. खाटेपाशी घोटाळणारा, नको त्या गप्पा काढणारा, मुलीच्या पडद्याआड डोकावणारा माणूस या प्रकारात मोडतो. तिथे समजुतीची भाषा चालत नाही. व्यवस्थापकाने त्याला त्याच रात्री बाहेर काढले पाहिजे आणि गरज पडली तर पोलिसांना बोलावले पाहिजे. पहिल्याला सोसायचे, दुसऱ्याला सांगायचे आणि तिसऱ्याला हाकलायचे, एवढा साधा विवेक आहे. प्रत्यक्षात तिघांनाही एकच उत्तर मिळते. पाहुणा गप्प बसतो आणि घरी गेल्यावर हॉस्टेलला दोन तारे देतो.

गेल्या हिवाळ्यात उत्तर गोव्यातल्या एका आठ खाटांच्या खोलीत मी चार रात्री काढल्या. रात्री एकपर्यंत एका तरुणाचा मोबाइल खणखणत होता. सकाळी न्याहारीला त्याच्याच समोर बसून एक मुलगी मोबाइलवर त्याच्याविषयी चार ओळींची तक्रार लिहीत होती. मध्ये पोह्यांची बशी, एवढेच अंतर. ती त्याच्याशी एक अक्षरही बोलली नाही. तो तरुण दांडगट वाटत नव्हता. कुणी सांगितले असते तर त्याने आवाज बंद केला असता, असे मला वाटले. मी अनेक वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढली आहेत. रांगेत घुसणाऱ्याला न टोकता थेट तक्रारवही मागणारा ग्राहक तेव्हाही होता. पण त्याच्या मागचे दोघे-तिघे तरी ‘अहो, रांग आहे’ म्हणत. ते वाक्य आता ऐकू येत नाही.

पूर्वी सांगायला एक माणूस असे. रिचर्ड शिरमान या शाळामास्तरांना १९०९ साली मुलांच्या सहलीत वादळाने गाठले, तेव्हा एका शाळेत आसरा मिळाला. त्यातून त्यांना युवा वसतिगृहांची कल्पना सुचली आणि १९१२ साली जर्मनीतल्या आल्टेनाच्या किल्ल्यात असे पहिले कायमचे वसतिगृह सुरू झाले. तिथल्या व्यवस्थापकाला जर्मन भाषेत चक्क वसतिगृहाचा ‘बाप’ म्हणत. इंग्लंडमध्ये १९३०पासून उभ्या राहिलेल्या वसतिगृहांत निघण्यापूर्वी झाडलोट किंवा भांडी असे एखादे काम प्रत्येकाच्या वाट्याला येई. आज आपल्याकडे अनेक हॉस्टेलांत टेबलामागे बसलेला असतो खाट आणि जेवणाच्या बदल्यात काम करणारा एखादा विशीतला प्रवासीच. तो कुणाला दटावणार? शिवाय दटावलेला पाहुणाही तारे कापू शकतो, ही मालकाला धास्ती.

अशा वेळी आपल्याला जुन्या सामाईक खोल्या आठवतात. गिरणगावात एकेका गावाची खोली असे. भिंतीलगत ट्रंका, वर वळकट्या. एक पाळीवरून आला की दुसरा उठून कामावर जाई आणि तीच जागा त्याला झोपायला मिळे. धोबीतलाव परिसरात गोवेकर खलाशांच्या ‘कुडी’ होत्या, काही अजून आहेत. तिथे वेदीसमोरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला हजेरी लावावी लागे. एवढी दाटी असूनही तिथे शिस्त होती, पण तिचे कारण विसरून चालणार नाही. आत येणारा प्रत्येक जण एका गावचा, एका धर्माचा, पुष्कळदा एका जातीचा असे. वाईट वागला तर बातमी गावी आईबापांपर्यंत जाई. बाहेरच्याला त्या खोलीत जागाच नव्हती. तिथली शांतता माणसे निवडून मिळवलेली होती.

हॉस्टेलची खोली याच्या उलट आहे. शेजारच्या खाटेवर कोण येईल हे कुणालाच ठाऊक नसते, कुणी जात विचारत नाही. आपल्या समाजात अशा खोल्या फार थोड्या आहेत, म्हणून ती टिकली पाहिजे. आणि नेमके इथेच मालक जुन्या वाटेला लागले आहेत. अनेक ठिकाणी चाळिशी-पंचेचाळिशीनंतर प्रवेश नाही. साठी उलटलेल्या मला घेणारे हॉस्टेल शोधावे लागले. त्याच शहराचे ओळखपत्र असलेल्याला खाट मिळत नाही. स्थानिक टोळकी दारू प्यायला येतात आणि मुलींना छळतात, हे मालकांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण या नियमाने घरून भांडून निघालेल्या मुलीलाही तिच्याच शहरात एका रात्रीचा आसरा मिळत नाही, आणि छळणारा परगावचा असला तर तो सुखाने आत येतो. वय आणि गाव पाहून माणसे गाळणे सोपे. वागणूक पाहून गाळायला कुणीतरी जागे राहावे लागते, वाईट बोलावे लागते, एखाद्या रात्रीचे भाडे सोडावे लागते.

हे करता येण्यासारखे आहे. दिवे कधी मालवायचे, फोनवर कुठे बोलायचे, कोणत्या वागण्याला त्याच रात्री बाहेरचा रस्ता, हे खाट देतानाच तोंडी सांगावे. रात्री हजर असलेल्या माणसाला ते अमलात आणण्याचा अधिकार असावा आणि मालकाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. मुलींसाठी वेगळ्या खोल्या असाव्यात, पण मिश्र खोलीतल्या बेशिस्तीला ते उत्तर समजू नये. एका वाईट रात्रीनंतर मुलगा पुढच्या सुट्टीत पुन्हा निघतो. मुलीचा मात्र पुढचा प्रवास घरातूनच रद्द होतो. किंमत तिला पडते.

उरलेले काम आपल्या घरातले आहे. आपल्या अनेक मुलांना आता लहानपणापासून वेगळी खोली मिळते, ही चांगलीच गोष्ट. पण झोपलेल्या भावंडाच्या उशाशी दिवा न लावता कपडे शोधणे, आणि दिवा लावणाऱ्याला न भांडता ‘बंद कर’ म्हणणे, या दोन्ही गोष्टी सामाईक खोलीत आपोआप शिकता येत. आता त्या मुद्दाम शिकवाव्या लागतील. मुलांची पाठपिशवी भरताना आपण औषधे, टॉर्च, सुटे पैसे आठवणीने घालतो. ‘जरा आवाज कमी कराल का?’ हे वाक्य त्यांच्या तोंडी बसले आहे का, तेही एकदा पाहावे.