दोघींचा तंबू

सोयाबीनची गंजी वावरात उभी आहे, आभाळ भरून आलंय आणि ऐनवेळी ताडपत्री भोकाची निघाली... मैत्रिणींनो, आमच्या धनजच्या बाईला हा अनुभव नवा नाही. म्हणूनच ताडपत्री घेताना आपण ती उजेडाकडे धरून बघतो, काठ ओढून बघतो आणि मगच भाव विचारतो. पण तंबू घ्यायचा म्हटलं की हे सगळं शहाणपण कुठं जातं?

हो, तंबूच! अमरावतीला शिकणाऱ्या माझ्या लेकीला ट्रेकिंगचा नाद लागलाय. मागच्या पावसाळ्यात ती मैत्रिणीसोबत अकोले तालुक्यात डोंगरात गेली होती. (आपला अकोला नव्हे हं, कळसूबाईच्या पायथ्याचं अकोले!) तंबू भाड्याचा होता. मध्यरात्री वाऱ्यानं त्याचा पोल मोडला, कापड अंगावर आलं आणि दोघी पोरी उजाडेपर्यंत ओल्या कपड्यांत कुडकुडत बसल्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आई, आपण आपला तंबू घेऊ. आणि यंदा तूही चल."

सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, घर कमी पडलं काय तुमाले?" लेकीच्या बाबांचा हिशेब आणखी सोपा. जाऊच नका, म्हणजे तंबूही नको!

मला हे पटत नाही. लेकीला अडवून ठेवणं म्हणजे तिची काळजी घेणं नव्हे. ती जाणारच असेल, तर तिच्या डोक्यावरचं छप्पर पक्कं आहे ना, हे बघणं ही खरी काळजी. लग्नाला नेसायच्या एका भारी साडीचा खर्च आपण दोनदा विचार न करता करतो. मग रात्रभर कोरडं ठेवणाऱ्या तंबूसाठी हात आखडता का?

तर आम्ही मायलेकींनी तंबू शोधायला घेतला. दुकानदार रंग दाखवत होता, मी शिवण बघत होते. पाणी कापडातून येण्याआधी शिवणीतून येतं, हे शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. चांगल्या तंबूच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असते. कापडावर २००० किंवा ३००० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. ते पावसाचं माप नाही. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की थेंब पाझरतो, त्याचं ते माप. तळाच्या कापडाचा आकडा जास्त हवा, कारण तिथे आपले गुडघे आणि कोपर दाबतात.

कापड दुहेरी हवं. आत जाळीदार खोली आणि वर जमिनीपर्यंत येणारं पावसाळी कापड. दोन माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर कापडावर जमते. एकेरी तंबूत तीच टपकते आणि आपल्याला वाटतं, तंबू गळतोय. दुहेरीत ती बाहेरच्या कापडावर राहते, पण वारा खेळायची खिडकी मात्र पावसातही थोडी उघडी ठेवायची.

लेकीच्या तंबूचा पोल फायबरग्लासचा होता. तो स्वस्त, पण जड, आणि जोराच्या वाऱ्यात चिरफाळतो. अ‍ॅल्युमिनियमचा हलका असतो, बहुधा वाकतो, आणि सोबतच्या छोट्या नळीनं तात्पुरता सांधता येतो. दोघींचा तंबू साधारण दोन-अडीच किलोंचा असला की पुरे. एकीच्या पाठीवर कापड, दुसरीच्या पाठीवर पोल आणि खुंट्या. त्याहून हलके मिळतात, पण महाग, आणि कापड पातळ. वजन कमी करायच्या नादात वाऱ्यापावसातली मजबुती घालवू नये.

आणि 'दोन माणसांचा' या शब्दावर जाऊ नका. आम्ही दुकानातच दोघी आत आडव्या झालो. आजूबाजूचे हसले. हसू देत! पिशव्या आणि ओल्या चपला ठेवायला दाराशी पडवी आहे का, बसून कपडे बदलता येतात का, चेन आतून एका हातानं लागते का, हे आत गेल्याशिवाय कळत नाही.

बाईनं सामानाची पारख करणं काही नवं नाही. १९७५ साली एव्हरेस्टवर चढणाऱ्या पहिल्या महिला, जपानच्या जुन्को ताबेई. पैसे कमी म्हणून त्यांनी मोटारीच्या सीट कव्हरपासून हातमोजे शिवले होते. त्याच मोहिमेत हिमलोटात त्यांचा तंबू गाडला गेला, आणि बारा दिवसांनी, १६ मे रोजी, त्या शिखरावर होत्या.

घरी आणल्यावर तंबू अंगणात लावला आणि तासभर नळीनं पाणी सोडलं. पहिल्यांदा लावायला पाऊण तास लागला, चौथ्यांदा दहा मिनिटं. सासूबाई आत डोकावून म्हणाल्या, "कोल्लं हाय वं!" यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कोणतं?

पण तंबू म्हणजे सगळंच नव्हे. वीज कडाडत असेल तर तंबू वाचवत नाही, पक्कं घर किंवा बंद गाडीच गाठावी. आत स्टोव्ह पेटवू नये, चहाचा मोह झाला तरी! आग लागते, कोंडलेला विषारी धूर जीव घेतो. नाल्याकाठी तंबू ठोकू नये, आणि अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय तर नाहीच. परत आल्यावर तो सावलीत पूर्ण वाळवूनच घडी घालावी.

लेकीला सायकल शिकवली, बँकेचा फॉर्म भरायला शिकवलं. आता तंबूची खुंटी ठोकायलाही शिकवू या. वादळात आपला निवारा आपल्याला उभा करता येतो, एवढं तिला कळलं तरी पैसे वसूल!