स्मरणीय विजय कोणता?

खेळातील विजय मोजणे सोपे असते. कपाटातील करंडक मोजावेत, त्यांवरील वर्षे वाचावीत, की काम झाले. परंतु त्यांपैकी स्मरणीय कोणता, हे करंडक सांगत नाही. आमचे मत असे की, विजयाची थोरवी केवळ धावसंख्येवरून ठरत नाही. संघाने त्यासाठी किती पराभव पचविले आणि कोणाकोणाला आपल्यात सामावून घेतले, यांवरून ती ठरते. अमेरिकेतील ‘ब्रुकलिन डॉजर्स’ या बेसबॉल संघाचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

बेसबॉल आपल्याकडे फारसा रूढ नाही. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू आणि एकूण नऊ डाव. फेकलेला चेंडू दंडुक्याने टोलवून धावत निघावे आणि चार तळांची फेरी पुरी केली की एक धाव. दोन प्रमुख साखळ्यांचे विजेते वर्षाअखेर ‘वर्ल्ड सिरीज’ ही मालिका खेळतात. सातांपैकी चार सामने जिंकणारा संघ अजिंक्य ठरतो.

ब्रुकलिन हा न्यूयॉर्क शहराचाच एक भाग. तेथील या संघाने १९१६, १९२०, १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा सात वर्षी ही अंतिम मालिका गाठली आणि सातही वेळा हार पत्करली. त्यांतील शेवटचे पाच पराभव त्याच शहरातील ‘यांकीज’ या बलाढ्य संघाने केले. ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे ब्रुकलिनकरांचे जणू ब्रीदच होऊन बसले.

१९५५ साली पुन्हा तीच गाठ पडली. पहिले दोन्ही सामने डॉजर्सने गमावले. तिसरा सामना जॉनी पॉड्रेस या तरुण चेंडूफेक्याने आपल्या तेविसाव्या वाढदिवशी जिंकून दिला. मालिका बरोबरीत येऊन ४ ऑक्टोबर रोजी सातवा, निर्णायक सामना झाला. डॉजर्सच्या दोन धावा झाल्या होत्या. सहाव्या डावात यांकीजचे दोन गडी तळांवर उभे असताना योगी बेराने चेंडू डाव्या सीमेकडे उंच टोलविला. सँडी अमोरोस वाऱ्यासारखा धावला आणि हात लांबवून त्याने तो झेलला. लगेच झालेल्या फेकीने धावत सुटलेला दुसरा गडीही बाद झाला. सामना २–० असा जिंकून ब्रुकलिनने प्रथमच अजिंक्यपद मिळविले.

आता हा अमोरोस कोण? तो क्यूबाचा कृष्णवर्णीय खेळाडू. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याला या मैदानात पाऊलही ठेवता आले नसते, कारण प्रमुख साखळ्यांचे दरवाजे कित्येक दशके कृष्णवर्णीयांना बंद होते. संघाचे चालक ब्रँच रिकी यांच्या पुढाकाराने १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून खेळला, तेव्हा ते उघडले. त्याला प्रेक्षकांच्या व प्रतिस्पर्ध्यांच्या शिव्या ऐकाव्या लागल्या. स्वतःच्या संघातील काहींचाही त्याला विरोध होता. तो खेळत राहिला. त्या वर्षी डॉजर्स अंतिम मालिका हरले, म्हणून नोंदवहीत १९४७ पुढे ‘पराभव’ असेच लिहिलेले आढळेल. १९५५ च्या निर्णायक सामन्यात रॉबिन्सन खेळलाही नाही. तरी त्या झेलाची वाट त्यानेच मोकळी केली होती. आमच्या मते डॉजर्सचा सर्वांत मोठा विजय १९४७ चाच होय.

आपणांस हे दूरचे वाटू नये. अस्पृश्य मानलेल्या समाजात जन्मलेले पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे नायकत्व त्यांना लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले आणि त्या वर्षी हिंदू संघच विजयी झाला.

कोणी म्हणेल, खेळ जिंकण्यासाठीच असतो. त्यात समाजकारण कशाला? जिंकण्यासाठी झटावे, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे; १९५५ चा ब्रुकलिनचा आनंद खोटा नव्हता. परंतु १९५७ च्या हंगामानंतर तो संघ लॉस एंजेलिसला गेला आणि १९६० साली त्याचे जुने मैदानही पाडले गेले. रॉबिन्सनचा ४२ हा क्रमांक मात्र १९९७ साली सर्व संघांनी त्याच्या सन्मानार्थ निवृत्त केला.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या अंकातील पारितोषिकांची यादी अवश्य अभिमानाने वाचा. मात्र पुढील वर्षी संघ निवडताना मैदानाच्या कडेला कोण उभे आहे, तेही पाहा. बूट नाहीत म्हणून, भाषा अडखळते म्हणून किंवा कोणी कधी विचारलेच नाही म्हणून जो बाहेर राहिला असेल, त्याला प्रथम आत बोलवा. सामना जिंकाल की हराल, हे मग पाहता येईल.