जुगाऱ्याचे ‘करिअर’ आणि सुरगाण्याचा घाम

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणा तालुका आहे. पावसाळ्यात डोंगरउतारावर भात, नागली, वरई पिकवायची आणि पाऊस सरला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरायची, हा इथल्या असंख्य वनवासी कुटुंबांचा वर्षक्रम. या कुटुंबांतील तरुणाच्या हाती आता मोबाइल आला आहे. पैसे लावून पत्ते खेळणे हा जुगार नव्हे, ते ‘करिअर’ आहे, अशी शिकवण त्याच मोबाइलवरून गेली काही वर्षे दिली गेली.

या दाव्याच्या पुष्ट्यर्थ पोकरचे विजेते पुढे केले जातात. 2024 साली लास वेगास येथील जागतिक मालिकेत संतोष सुवर्णा या भारतीय खेळाडूने अडीच लाख डॉलर प्रवेशमूल्याची स्पर्धा जिंकून 54 लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. त्यांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. ही रक्कम कोणत्या शेतात पिकली? कोणत्या कारखान्यात घडली? कुठेच नाही. ती स्पर्धेत उतरलेल्यांनीच भरलेली होती!

पोकरच्या टेबलावर नवे धन जन्माला येत नाही. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते आणि अड्ड्याचा मालक मधल्या मध्ये आपली नाल काढून घेतो. म्हणूनच व्यावसायिक खेळाडूला जगायचे तर दुबळे खेळाडू सतत येत राहावे लागतात. ते येतात विजेत्याच्या कथेला भुलून. 2003 साली क्रिस मनीमेकर हा अमेरिकेतील एक हिशेबनीस इंटरनेटवरील स्वस्त पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि 25 लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी त्या स्पर्धेत 839 जण होते. 2006 साली 8,773 झाले. विजेता मात्र एकच!

‘हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे,’ असा युक्तिवाद हिरिरीने केला जातो. क्षणभर तो मान्य करू. मग तर अपराध अधिकच गंभीर ठरतो. लॉटरीत नशीब सर्वांना सारखेच आंधळे असते. इथे मुरलेल्यासमोर नवख्याची हार जवळजवळ ठरलेली. बुद्धिबळही कौशल्याचाच खेळ, पण त्यात हरणाऱ्याच्या घरची चूल विझत नाही. आणि कौशल्याचेच म्हणाल, तर शकुनीही कुशलच होता!

कुशलांची तरी काय गत होते? स्टू उंगर याने 1980, 1981 आणि 1997 अशी तीनदा हीच मुख्य स्पर्धा जिंकली. तिसऱ्या वेळी प्रवेशमूल्यही दुसऱ्याने भरले होते. त्या विजयाने 10 लाख डॉलर मिळवून देऊनही पुढच्याच वर्षी लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलमध्ये त्याचा कफल्लक अवस्थेत अंत झाला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्ताने जुगाऱ्याच्या घराची दैना सहस्रावधी वर्षांपूर्वीच सांगितली आणि फासे टाकून शेती करण्याचा उपदेश केला. नागलीच्या शेतात राबणाऱ्याला तो वेगळा सांगावा लागत नाही. तो विसरलो आहोत आपण!

कायद्याने पाऊल उचलले, हे स्वागतार्ह. महाराष्ट्राने 1976 साली केलेला कॅसिनो कायदा कधीच अमलात आला नाही. 2023 साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद करणारा कायदा संमत केला. खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण तो बळी आहे. तथापि मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे उभी राहिलीच.

कायदा दार बंद करील. मोह घराघरांतूनच हटवावा लागेल. नोकरी सोडून पोकर खेळणाऱ्या शहरी मुलाचे कौतुक सुशिक्षित घराच्या दिवाणखान्यात होणार असेल, तर पाड्यावरच्या मुलाला दोष देण्याचा अधिकार कुणाला उरतो? सुरगाण्याला हवे आहे डोंगरावर अडवलेले पाणी आणि गावातच मिळणारे काम. दिवसभर द्राक्षबागेत राबून आणलेली मजुरी रात्री कुणाच्या ‘करिअर’साठी जाणार असेल, तर त्याला कौशल्य म्हणायचे की लूट?