प्रवासाची शेगडी

एका वाचक भगिनींनीं आम्हांस पत्र लिहून विचारलें आहे कीं, "येत्या नाताळच्या सुटींत आम्ही बारा माणसें दोन मोटारी व तंबू घेऊन बाहेर पडणार आहों. चिरंजीव बार्बेक्यूची शेगडी विकत घेऊं म्हणतात. ती कोणती घ्यावी?" प्रश्न लहान आहे, परंतु त्याचें उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस थोडाबहुत आहे, कारण ह्या बाबतींतील चूक आम्हीं स्वतः केलेली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. बार्बेक्यू म्हटलें कीं तें मांस भाजण्याचें साधन, अशी कित्येक वडीलधाऱ्यांची समजूत असते व ते नाक मुरडतात. वस्तुतः ती जाळी बसविलेली शेगडीच होय. ज्या घरांत वांग्याचें भरीत होतें, ज्या घरीं थंडीच्या दिवसांत शेतावर जाऊन आगटीभोंवतीं हुरडा खाण्याचा परिपाठ आहे, किंवा कुलाब्याकडे वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, त्या घरास विस्तवावर भाजण्याची विद्या परक्याकडून शिकावयाची नाहीं. नवें आहे तें इतकेंच कीं, पूर्वीं आपण विस्तवापाशीं जात होतों. आतां विस्तव आपल्याबरोबर गाडींतून येतो. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी हीहि गोष्ट आतां अगदींच अपरिचित राहिलेली नाहीं.

दुकानांत गेलें म्हणजे दुकानदार शेगडी किती लौकर पेटते, किती हलकी आहे, घडी घातल्यावर केवढ्याशा पिशवींत मावते, हें कौतुकानें दाखवितो. हे गुण खरेच आहेत. परंतु आमचें म्हणणें असें कीं, प्रवासाची शेगडी निवडतांना पहिला प्रश्न ती पेटते कशी हा नसावा. ती विझते कशी, आणि रात्रीं राहते कोठें, हा असावा. असें आम्ही कां म्हणतों, तें सांगतों.

दोन वर्षांपूर्वीं पौषांत आम्ही घरचीं अकरा माणसें भंडारदऱ्यास गेलों होतों. जलाशयापासून कांहीं अंतरावर एका शेतकऱ्याच्या परवानगीनें त्याच्या मोकळ्या वावरांत तंबू ठोकले. धाकट्या चिरंजीवांनीं नवी शेगडी आणली होती: घडीचे पाय, पत्र्याचें उथळ तबक आणि वर लोखंडी जाळी. झांकण नव्हतें. दीड किलो कोळशावर वांगीं, रताळीं, मुलांसाठीं पनीर, सारें यथेच्छ भाजून झालें, आणि इतकें चविष्ट भरीत पुष्कळ दिवसांत खाल्लें नव्हतें असें सर्वांचें मत पडलें.

रात्रीं थंडी मी म्हणत होती. आमच्या सौभाग्यवतींस कांपरें भरलेलें पाहून तेरा वर्षांच्या नातवानें ती शेगडी उचलून त्यांच्या तंबूंत नेली. निखाऱ्यांवर राख धरली होती. धूर नव्हता, ज्वाला नव्हती, मंद ऊब मात्र होती. त्यानें दारांतून आम्हांस विचारलें, "आजोबा, ठेवूं ना येथें?" आम्ही म्हणालों, "शाहाणा आहेस. ठेव." आणि आम्ही दुसऱ्या तंबूंत जाऊन निजलों.

त्या तंबूंत सौभाग्यवती, थोरल्या सूनबाई व पांच वर्षांची नात होती. उत्तररात्रीं सूनबाईंस जाग आली ती असह्य डोकेदुखीनें. सासूबाईंना उमासे येत होते. थंडीनें पित्त खवळलें असावें असें दोघींनाहि वाटलें. परंतु सूनबाईंनीं मुलीस हाक मारली, ती उठेना. हलविलें, तरी उठेना. तेव्हां त्या माउलीनें कारण शोधीत न बसतां तंबूचें दार ताडकन् उघडलें, मुलीस ओढून बाहेर उघड्यावर आणलें, मग सासूबाईंस आणलें, आणि आम्हांस हाका मारल्या. कांहीं वेळानें मुलगी रडूं लागली. तें रडणें ऐकून आम्हांस काय वाटलें तें येथें लिहीत नाहीं.

मोटारीनें तालुक्याच्या गांवीं नेलें. तेथें प्राणवायु दिला. दुपारपर्यंत तिघीहि हुषारल्या. डॉक्टरांनीं एकच प्रश्न विचारला, "शेगडी आंत होती ना?" नातू भिंतीशीं उभा होता. आजीला आपणच मारीत होतों, असें त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलें होतें. त्यास आम्हीं जवळ घेऊन सांगितलें, तेंच येथें सांगतों: दोष त्याचा नव्हता, आमचा होता. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजूं नये, हें वाक्य आम्हीं स्वतःच्या हातानें फळ्यावर कितीदां तरी लिहिलें आहे. परंतु खोली म्हणजे चार भिंती, असें आमच्या डोक्यांत घट्ट बसलेलें. कापडाचा तंबू हीहि खोलीच, हें आयत्या वेळीं सुचलें नाहीं. पाठ असणें आणि ठाऊक असणें ह्यांत हें एवढें अंतर आहे.

आतां कारण. कोळशास जळतांना पुरेसा प्राणवायु मिळाला नाहीं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन हें द्रव्य प्राणवायूपेक्षां ह्या वायूस दोनशें पटींहून अधिक ओढीनें धरून ठेवतें. त्यामुळें श्वास चालू असूनहि शरीर आंतल्या आंत गुदमरतें. धूर नाहीं म्हणून धोका नाहीं, हा तर्क म्हणूनच खोटा आहे. राखेखालचा निखारा हा वायु सोडीतच असतो. डोकें दुखणें, मळमळणें, घेरी येणें हीं लक्षणें पित्तासारखीं दिसतात. परंतु एकाच जागीं असलेल्या दोघांतिघांस तीं एकदम झालीं, तर तें पित्त नव्हे असें समजून प्रथम सर्वांनीं बाहेर पडावें. ओवाशोप मागाहून शोधावा.

ह्या कसोटीवर बाजारांतील शेगड्या पाहूं.

कोळशाची शेगडी चवीस सर्वांत उत्तम. मात्र निखारे भाजण्याजोगे होण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि शांत होण्यास कित्येक तास. ती घ्यावयाची असेल, तर घट्ट बसणारें झांकण व हवेचीं भोंकें बंद करण्याची सोय असलेलीच घ्यावी. अमेरिकेंत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नांवाच्या गृहस्थानें १९५२ सालीं, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा लोखंडी गोळा कापून, झांकणाची गोल शेगडी तयार केली. झांकण आणि भोंकें ह्यांनीं विस्तव हवा तसा कमी-अधिक करतां येतो, व शेवटीं हवा कोंडून विझवितां येतो. तरीहि पत्रा व निखारे बराच वेळ तापलेले राहतात; म्हणून ती बाहेरच राहिली पाहिजे. निघतांना निखाऱ्यांवर पाणी ओतावें, काठीनें ढवळावें, पुन्हां ओतावें, आणि राखेजवळ तळहात नेऊन ऊब लागत नाहीं अशी खात्री करावी. माती किंवा वाळू लोटून ते पुरूं नयेत. पुरलेला निखारा फार वेळ जिवंत राहतो, आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलाचा पाय नेमका तेथेंच पडतो.

गॅसच्या शेगडीचा मोठा गुण हा कीं, कळ फिरविली कीं विस्तव गेला. लहान मुलें असलेल्या कुटुंबानें हीच घ्यावी, असें आम्हांस वाटतें. परंतु पंक्तीचा स्वयंपाक करणाऱ्या घरांनीं एक ध्यानांत ठेवावें. ज्या चपट्या शेगडीच्या एका बाजूस गॅसचा छोटा डबा बसवितात, तिच्यावर डब्यापर्यंत पसरेल असें रुंद पातेलें अथवा मोठा तवा ठेवूं नये, व अशा दोन शेगड्या एकमेकींस चिकटवून मांडूं नयेत. उष्णता उलटून डबा तापतो व फुटण्याचा संभव असतो. बारा माणसांच्या भातास अशी शेगडी अपुरीच. त्यापेक्षां पांच किलोचें लहान सिलिंडर व रुंद बैठकीची शेगडी बरी. हिमालयाकडे जाणाऱ्यांनीं आणखी एक पाहावें: ब्यूटेन हा वायु शून्य अंशाच्या जरासा खालीं द्रवरूपच राहतो, म्हणून तेथें प्रोपेन मिसळलेला डबा लागतो, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊं शकतो.

आमच्या पिढीच्या ओळखीचा स्टोव्हहि येथें आठवतो. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंड्क्विस्ट ह्यानें १८९२ सालीं वातीवांचून, काजळीवांचून जळणारा प्राइमस काढला, आणि १९११ सालीं दक्षिण ध्रुव गांठणाऱ्या अमुंडसेनच्या तुकडीनें त्यावरच अन्न शिजविलें. किल्ली सैल केली कीं हवा सुटून तो विझे, हा त्याचा गुण आम्हांस आज अधिक उमगतो. परंतु रॉकेल आतां पूर्वीप्रमाणें सहज मिळत नाहीं. विजेची शेगडी विझविण्यास सर्वांत सोपी. पण तिला दीड-दोन हजार वॅट वीज लागते, ती मोटारीच्या बॅटरीच्या आवांक्यांतली नव्हे. मुक्कामीं विजेची जोडणी असेल तरच तिचा विचार करावा.

कोणतीहि शेगडी असो, ज्वालेची असली तरी ती तंबूंत किंवा मिटलेल्या गाडींत पेटवूं नये. हवा कोंडली कीं गॅसहि तोच विषारी वायु सोडूं लागतो. तंबूपासून निदान दहा हात दूर, वाऱ्याची दिशा पाहून, सपाट जागीं ती मांडावी. कॅरॅव्हॅन भाड्यानें घेतांना जमिनीलगतची हवेची जाळी मोकळी आहे ना, हें पाहावें व तिच्यापुढें वळकट्या रचूं नयेत. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यानें गळाला तर तळाशीं साठतो. कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजविणारें लहान यंत्र बाजारांत मिळतें. चांगल्या शेगडीइतकीच त्याचीहि गरज आहे.

ज्यांचा बेत अर्धा रेल्वेनें व अर्धा भाड्याच्या गाडीनें असेल, त्यांनीं सिलिंडर घरींच ठेवावें. २६ ऑगस्ट २०२३ रोजीं पहाटे मदुराईस उभ्या असलेल्या एका यात्रेच्या डब्यास आग लागून नऊ यात्रेकरू दगावले. डब्यांत नियमाविरुद्ध सिलिंडर आणलेलें होतें. १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वयें असे धोकादायक पदार्थ नेणारास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तसेंच अभयारण्याच्या हद्दींत, अभयारण्यास धोका पोंचेल असा विस्तव पेटविणें किंवा जळता सोडणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मना आहे. म्हणून मुक्कामाच्या जागेची चौकशी आधीं करावी.

तेव्हां भगिनींस आमचें उत्तर असें: बारा माणसांस पांच किलोचें सिलिंडर व रुंद शेगडी रोजच्या स्वयंपाकास घ्यावी; भाजण्याची हौस असेल तर झांकणाची कोळशाची शेगडी जोडीस घ्यावी. आणि शेगडी विझविण्याचें काम कोणा एकाच्या नांवानें, निघण्यापूर्वींच, नेमून द्यावें. सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें.

आपल्याकडील आहिताग्नि गृहस्थ प्रवासास निघतांना अग्नि अरणींच्या ठायीं ठेवीत, आणि मुक्कामीं मंथन करून तो पुन्हां प्रकट करीत. अग्नि अरणींत ठेवण्याच्या त्या विधीस समारोप म्हणतात. सभेच्या अखेरच्या भाषणासहि आपण हाच शब्द वापरतों. अग्नीची ज्यांनीं आयुष्यभर सेवा केली, त्यांनींहि तो वाटेनें धगधगता नेला नाहीं, हें आम्ही पूर्वीं पुष्कळांस सांगत असूं. त्याचा अर्थ आम्हांस भंडारदऱ्यास कळला.

आमच्या घरीं विझविण्याचें काम त्या नातवाकडे आहे. तें त्यानेंच मागून घेतलें. जेवणें आटोपलीं कीं तो पाणी ओततो, ढवळतो, तळहात धरून पाहतो, आणि तंबूच्या दाराशीं येऊन सांगतो, "आजोबा, विझली." तेव्हां आम्ही निजतों.