अमेरिकेतले हौशी 'सैनिक' 1863 सोडून 1775 मध्ये का निघालेत?

19 एप्रिल 2025, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लेक्झिंग्टन. पहाटेच्या अंधारात लोक मैदानाभोवती जागा धरून उभे होते. लाल कोटातले ब्रिटिश शिपाई चालून आले, समोर गावकऱ्यांची फळी. बंदुका उडाल्या, धूर झाला, काही जण गवतावर कोसळले. 250 वर्षांपूर्वी इथंच आठ गावकरी मारले गेले आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं.

हे असं इतिहास 'जगणारे' लोक म्हणजे रीएनॅक्टर. तुम्हाला 'जाणता राजा' आठवेल, पण हे नाटकवाले नाहीत. नोकरी-धंदा करणारी माणसं पदरचे पैसे घालून कपडे शिवतात, बंदूक घेतात आणि सुट्टीत तंबूत झोपतात.

या मंडळींचा अनेक दशकांचा लाडका काळ होता 1861 ते 1865चं यादवी युद्ध. 1998 साली गेटिसबर्गच्या लढाईला 135 वर्षं झाली, तेव्हा हजारो 'सैनिक' जमले होते. नंतर गर्दी ओसरत गेली. जुने गडी म्हातारे झाले आणि नवी पोरं फारशी आली नाहीत.

पण खरी अडचण वयाची नव्हती. यादवी युद्ध उभं करायचं तर कुणीतरी दक्षिणेचा शिपाई व्हावं लागतं. ते सैन्य लढलं ते गुलामगिरी टिकवणाऱ्या राज्यांसाठी. ऑगस्ट 2017 मध्ये शार्लट्सव्हिलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मेळावा झाला, विरोधकांच्या गर्दीत गाडी घुसवली गेली, एक तरुणी मेली. मेळाव्याचं निमित्त होतं दक्षिणेच्या सेनापतीचा पुतळा. त्याच महिन्यात मनॅसस शहरानं आपला यादवी युद्धाचा कार्यक्रम रद्द केला. ऑक्टोबरमध्ये सीडर क्रीकच्या कार्यक्रमात पाइप बॉम्ब सापडला. तो फुटला नाही, पण हौसेची मजा गेली ती गेलीच.

अशात स्वातंत्र्याची 250 वर्षं आली. लाल कोट घालून ब्रिटिश झालात तर कुणी अंगावर येत नाही. त्यामुळे काही जुन्या गड्यांना हा काळ जवळचा वाटला तर नवल नाही.

(त्याच 1775च्या मार्चमध्ये राघोबादादा मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह करत होते. इंग्रज तेव्हा दोन्हीकडं गुंतले होते.)

पण काळ बदलणं सोपं नाही. यादवी युद्धापर्यंत शिलाई मशीन आलेलं होतं, त्यामुळे मशीनची टीप चालून जाते. 1775 साठी हातशिलाई हवी. लांब पँट गेली, गुडघ्यापर्यंतची विजार आली. बंदूक दोन्हीकडं ठासणीचीच, पण टोपीऐवजी गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी. आणि जिवापाड वाढवलेली दाढी उतरवावी लागते, कारण 1775चे शिपाई सहसा दाढी ठेवत नसत!

मग गुलामगिरीचा प्रश्न मागे राहिला का? अजिबात नाही. नोव्हेंबर 1775 मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोर यानं जाहीर केलं, की बंडखोर मालकांना सोडून आमच्याकडून लढणारे गुलाम स्वतंत्र होतील. म्हणजे कित्येक काळ्या माणसांसाठी स्वातंत्र्याची बाजू लाल कोटाची होती. इकडं स्वातंत्र्याच्या फौजेचा सेनापती वॉशिंग्टन स्वतः गुलामांचा मालक. 1778 मध्ये ऱ्होड आयलंडनं गुलामांना स्वातंत्र्य देऊन पलटणीत घेतलं. हे सगळं मैदानात दाखवायचं की फक्त तिकोनी टोप्या मिरवायच्या, हे प्रत्येक गटाला ठरवावं लागेल.

एका कलाकारानं वेगळीच वाट काढली. ड्रेड स्कॉट यानं नोव्हेंबर 2019 मध्ये लुइझियानात 1811चं गुलामांचं बंड उभं केलं. शेकडो लोक, बहुतेक काळे, जुन्या काळच्या कपड्यांत, हातात कोयते-बंदुका घेऊन दोन दिवस तेल कारखान्यांच्या शेजारून न्यू ऑर्लिन्सकडं चालले. प्रत्यक्षातलं बंड वाटेतच चिरडलं गेलं होतं आणि बंडखोरांची मुंडकी खांबांवर लावली होती. 2019 चे बंडखोर मात्र शहरात पोहोचले, काँगो स्क्वेअरमध्ये नाचले, गायले. टाके मोजणाऱ्या कट्टर रीएनॅक्टरला हा शेवट चुकीचा वाटेल. स्कॉटनं तो मुद्दामच बदलला होता.